आरा मशीनच्या चाकाचं रबर: सुटलं कशानं, बसलं कशानं

अखाजी (अक्षय तृतीया) झाली की आमच्याकडच्या सुताराला जेवायची सवड नसते. कोणाला डवऱ्याची (कोळपणीच्या अवजाराची) दांडी हवी, कोणाला वखराचं खोड, कोणाच्या बंडीची उभारी मोडलेली. मृग लागायच्या आत सगळ्यांना सगळं तयार पाहिजे. अशाच दिवसांत वणी-मारेगाव रस्त्यालगतच्या एका गावातून मिस्त्रींचा फोन आला. "सर, पट्टी ठैरूनच नाई राह्यली चाकावर. दर पाच मिन्टानं खाली पडते. तुमी येता का?"

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवायचो, आता निवृत्त आहे. हे मशीन मिस्त्रींनी जुनं घेतलं तेव्हा बसवून मीच दिलं होतं, त्यामुळे जाणं भागच होतं. पुढे जे झालं ते क्रमाने लिहितो आहे. त्यात माझ्या दोन चुका आहेत, त्याही जिथल्या तिथे येतील.

मशीन म्हणजे १८ इंची बँडसॉ. गावात त्याला सगळे आरा मशीनच म्हणतात. एकाखाली एक अशी बिडाची दोन चाकं, त्यांवरून फिरणारी पोलादी दातेरी पट्टी, खाली दोन एचपीची मोटर. दोन्ही चाकांच्या धावेवर रबराची रिंग बसवलेली असते, सव्वा इंच रुंद आणि दोन सूत (पाव इंच) जाड. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, रबर आवाज कमी व्हावा म्हणून असेल. खरं तर पट्टीचे दाते आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले असतात. ते उघड्या बिडावर धावले तर त्यांचं सेटिंग पहिल्याच दिवशी मोडेल, म्हणून खाली मऊ गादी लागते. पट्टी घसरू नये म्हणून पकड लागते. आणि पट्टी चाकाच्या मध्यावर राहावी म्हणून रबराला मधोमध हलका फुगवटा दिलेला असतो.

हा फुगवटा समजायला जुनी पिठाची गिरणी आठवावी. इंजिनावरून गिरणीकडे जाणारा तो लांबलचक पट्टा दोन्ही बाजूंना काही आडोसा नसताना पुलीवरून उतरायचा नाही, कारण पुली मध्ये किंचित उंच असते. पट्ट्याची उंचाकडची कड जास्त ओढली जाते, पट्टा तिकडे झुकतो, आणि पुढचा प्रत्येक इंच आधीच्यापेक्षा थोडा वर जाऊन बसतो. असं करत पट्टा आपोआप माथ्यावर येऊन स्थिरावतो. बँडसॉची पट्टीही तशीच माथा शोधत जाते. आता रबर मध्ये खोल आणि कडांना उंच झालं तर माथे दोन होतात, तेही दोन्ही काठावर. पट्टी त्यांतला एक पकडते आणि त्याच काठावरून खाली पडते.

मिस्त्रींच्या मशीनचं नेमकं हेच झालं होतं. पण तिथपर्यंत पोचायला अर्धा दिवस गेला, कारण माझ्याआधी मिस्त्री आणि त्यांचा पोरगा, या बाप-लेकांनी बरंच काही करून ठेवलं होतं.

आधी काय काय केलं होतं

पट्टी बदलली होती. पट्टीला कापाजवळ सरळ धरणारे गाईड मागेपुढे केले होते. वरचं चाक झुकवायचा स्क्रू पार शेवटपर्यंत फिरवून ठेवला होता. स्क्रू इतक्या टोकाला गेलेला दिसला की समजायचं, दुखणं दुसरीकडे आहे आणि इथे नुसती मलमपट्टी चालली आहे. खालच्या चाकाचं रबर एका जागी सुटून लोंबू लागलं होतं, ते आधी छोट्या ट्यूबच्या झटपट गोंदाने चिकटवलं. दोन तास टिकलं. मग पंक्चरवाल्याकडून सोल्यूशन आणलं. ते एक दिवसही टिकलं नाही.

पंक्चरच्या सोल्यूशनबद्दल थोडं सांगतो, कारण हा गैरसमज गावोगाव आहे. ट्यूबवर ते घट्ट बसतं म्हणजे ते जोरदार गोंद आहे, असं लोक धरून चालतात. तिथली खरी करामत पॅचच्या खालच्या थराची असते. तो थर आणि सोल्यूशन मिळून रबराशी रबराचा सांधा पक्का करतात. बिडाशी त्यांचं काही नातं नाही. लोखंडाला रबर धरायचं तर ते काम त्याचं नाहीच.

मिस्त्रींचा निकाल मात्र लागलेला होता. "गोंदच बेकार हाय सर. आजकाल सगळं डुप्लिकेट भेटते."

मी म्हटलं, आधी गोंदालाच विचारू.

गोंदाची साक्ष

मेन स्विचचे किटकॅट काढून खिशात टाकले. ही माझी जुनी सवय आहे. मशीनमध्ये हात असताना फ्यूज खिशातच पाहिजे, कोणाच्या भरवशावर नाही. पट्टी उतरवली आणि खालच्या चाकाचं सुटलेलं रबर बोटांनी हळूहळू सोलत नेलं.

चिकटवलेली कुठलीही वस्तू सुटली की गोंद कोणत्या बाजूला राहिला ते बघायचं. अर्धं निदान तिथेच होतं. गोंद रबराकडे राहिला आणि लोखंड नागडं, तर लोखंडाची बाजू खराब होती. गोंद लोखंडाकडे राहिला आणि रबर कोरं, तर रबर नीट घासलेलं नव्हतं किंवा त्यावर साच्यातली पावडर-मेण तसंच होतं. गोंद मधूनच फाटून दोन्हीकडे थोडा थोडा राहिला, तर पृष्ठभाग ठीक होते आणि गोंदच कच्चा राहिला, उन्हाने मऊ पडला किंवा ताकदीपेक्षा जास्त ओढला गेला.

इथे गोंद सगळाच्या सगळा रबराकडे होता. मशीन बनताना लावलेला जुना पिवळा थरही, आणि त्यावरचे बाप-लेकांचे नवे थरही. बिडाच्या धावेचा करड्या रंगाचा ठसा गोंदात आरशासारखा उमटला होता, कातणीच्या बारीक रेघांसकट. म्हणजे गोंदाने एकेकाळी बीड चांगलं धरलं होतं आणि नंतर सोडलं. धावेवरून बोट फिरवलं तर बोट सुळकन सरकलं. नाकाला लावलं, तर डिझेलचा वास.

मी पोराकडे पाहिलं. त्याने लगेच सांगून टाकलं. "काका, तुमीच त सांगतलं होतं, दर आठवड्याले रबर साफ करत जा म्हणून. बाभयीचा डिंक निघेच ना. मंग डिजलनं पुसलं. एकदम चकाचक झालं होतं."

ही माझी पहिली चूक. साफ कर म्हटलं, कशाने ते सांगितलं नाही.

डवरे-वखरांसाठी इथे बाभूळच लागते आणि ती पुष्कळदा ओलसरच मशीनवर येते. तिचा भुसा डिंकामुळे रबरावर थापला जातो आणि त्याचा कडक पापुद्रा बनतो. खालच्या चाकावर तो जास्त साचतो, कारण कापातून भुसा खालीच जातो. म्हणून डिझेलही तिथेच जास्त लागलं. डिझेल रबरात मुरतं, रबर फुगतं आणि मऊ पडतं. कडा मोकळ्या असल्याने त्या आधी फुगल्या, आणि त्याच कडांखालून डिझेल झिरपत बिडापर्यंत गेलं. मध्यभाग मात्र पट्टीने दाबून, घासून खोलच होत गेला. फुगवट्याची झाली परात. त्यावर नंतर लावलेला प्रत्येक गोंद तेलावर लावल्यासारखा होता. तो कोणत्या कंपनीचा होता याला काही अर्थ नव्हता.

बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो. कोमट पाण्याचं फडकं दोन मिनिटं धरलं असतं तर पापुद्रा लाकडी चिपेने निघाला असता. हे मी ज्या दिवशी मशीन बसवलं त्या दिवशी सांगायला हवं होतं.

काय ठेवायचं, काय टाकायचं

दोन्ही चाकांचा निर्णय वेगवेगळा झाला.

खालचं रबर गेलेलं होतं. नख रोवलं तर खूण तशीच राहत होती आणि कडा स्पंजासारख्या लागत होत्या. डिझेल प्यायलेलं रबर उन्हात ठेवून वाळवता येतं, ते थोडं आटतंही, पण पहिला जीव परत येत नाही. त्यावर मेहनत म्हणजे वाया गेलेला दिवस.

वरच्या चाकाचं रबर वाचण्यासारखं होतं. नख रोवलं की खूण लगेच भरून येत होती. स्टीलची फूटपट्टी आडवी धरून मागून उजेड पाहिला तर मधोमध पाव सुताची नाली दिसली. एका ठिकाणी वीतभर भाग सुटलेला होता, बाकी घट्ट. दोन सुतांतून कडांची पाव सूत जाडी घासून काढली तरी पुरेसं रबर उरत होतं.

मिस्त्री म्हणाले, नालीत सोल्यूशन भरून सपाट करून टाका. ही युक्ती बरेच जण करतात, कोणी त्यात रबराचा कीसही मिसळतात. मी करत नाही. भरलेला भाग आणि मूळ रबर यांचा लवचिकपणा सारखा नसतो. पट्टी दर फेऱ्याला दोन्हींना दाबते, एक जास्त दबतं, एक कमी, आणि काही दिवसांत भरावाची कड उचलून खपली निघते. नाली भरण्यापेक्षा नालीच्या दोन्ही बाजूंचे बांध उतरवणं सोपं.

नव्या रबराऐवजी काय चालेल, यावर गावातल्या जाणकारांची एक बैठकच भरली. आमचा हा कोळसा खाणींचा पट्टा, त्यामुळे कन्व्हेयर बेल्टचे तुकडे भंगारात सहज मिळतात. एकाने तो कापून लावा म्हटलं. पण त्या बेल्टच्या पोटात कापडाचे थर असतात, तो ताणला जात नाही. ताणाशिवाय चाकावर बसवलेलं रबर फक्त गोंदाच्या जिवावर राहतं. दुसऱ्याने ट्रकच्या ट्युबची पट्टी सुचवली. बहुतेक ट्युबा ब्युटाईल रबराच्या असतात. हवा धरायला ते रबर उत्तम, पण गोंद धरायला तितकंच नाखूश. शिवाय पट्टीचे दोन टोकांचे सांधे जुळवायचे म्हणजे दर फेऱ्याला एक ठोका ठरलेला.

मी साच्यात ओतलेली अखंड रिंगच मागवली. नागपूरहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने दोन दिवसांत आली. धाग्याने मोजली तर आतला घेर १३४ सेंटिमीटर. चाकाचा घेर १४३.६. म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर ताणूनच ती चढणार होती. पोराला वाटलं चुकीचं माप पाठवलं. तसं नव्हतं. रिंग लहानच हवी, कारण तिला जागेवर धरायचं मुख्य काम हा ताण करतो. गोंदाने फक्त तिला सरकू द्यायचं नसतं.

हा ताण किती लागतो याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. चाक मिनिटाला ७०० फेरे घेतं असं धरलं, तर १८ इंची चाकाच्या धावेवरचं एक ग्रॅम रबर सुमारे सव्वाशे ग्रॅमच्या जोराने बाहेर फेकलं जाऊ पाहतं. हाताने फिरवताना घट्ट वाटणारं सैल रबर मोटर चालू होताच फुग्यासारखं उचलतं, ते याच्यामुळे. आणि सुटलेली वीतभर जागा आपोआप दीड वीत होते, तीही याच्यामुळेच.

माझी दुसरी चूक

रिंग आली ती दुपारी. दोन वाजलेले, वर पत्रे, मे महिना. पहाटे यायला हवं होतं. पण मिस्त्रींच्या दारात माणसं बसलेली. "उद्या तीन जन येऊन राह्यले डवरे न्याले, सर." मीही भिडेला बळी पडलो.

धाव वायर ब्रशने घासली, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पुन्हा घासली, थिनरने पुसली. गोंद नेहमीचाच, सनमायका आणि रेक्झिन चिकटवायला वापरतात तो सिंथेटिक रबरचा पिवळा. दोन्ही बाजूंना लावायचा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. चार मिनिटांत बोटाला कोरडा लागला. वाटलं, बरंय, उन्हाने काम लवकर होतंय. बसवून टाकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालवलं. तिसऱ्या दिवशी खालच्या चाकाला अंड्याएवढा फुगा.

पुन्हा सोललं, पुन्हा साक्ष घेतली. या वेळी गोंद दोन्हीकडे होता. मध्ये बारीक बुडबुडे, आणि ओढल्यावर चुलीवरच्या पाकासारख्या तारा. तीन दिवसांनीही थिनरसारखा वास येत होता. म्हणजे पृष्ठभाग ठीक होते आणि गोंदच आत ओला राहिला होता. तापलेल्या बिडावर आणि गरम हवेत गोंदाच्या वरच्या थराने दुधासारखी साय धरली. बोटाला लागली ती साय. तिच्याखालचा द्रव अडकून पडला. दोन साया एकमेकींवर दाबल्या गेल्या, आणि चाक फिरून गरम झाल्यावर आतल्या वाफेने फुगा आणला.

मिस्त्री काही बोलले नाहीत. मला ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

पहाटे साडेपाच

तिसऱ्या खेपेला मी मुक्कामालाच गेलो आणि उजाडायच्या आधी कामाला लागलो. बीड हाताला गार लागत होतं. आधीचा गोंद थिनरच्या फडक्याने भिजवून, बोथट पटाशीने खरवडून काढला. मग पुसणं सुरू केलं, आणि पुसण्याची खूण एकच ठेवली: पांढरं सुती फडकं फिरवून पांढरंच बाहेर आलं पाहिजे. पहिल्या सहा फडक्यांवर करडे डाग आले. सातवं कोरं निघालं. रॉकेल किंवा पेट्रोल इथे नको, उडून गेल्यावर मागे पुसट तेलकट थर राहू शकतो. रिंगची आतली बाजूही पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासून घेतली.

या गोंदाची अडचण अशी की दोन बाजू एकदा भेटल्या की सरकवता येत नाही. आणि रिंग तर ताणून चढवायची, म्हणजे एका बाजूला जास्त ताण, दुसरीकडे कमी, हे होणारच. जास्त ताणलेलं रबर पातळ होतं, कमी ताणलेलं जाड राहतं, आणि चाक बसवल्या दिवसापासून लंगडं चालतं. म्हणून रिंग आधी गोंदाशिवाय, कोरडीच चढवली. वरच्या बाजूला दोन शिकंज्यांनी धरली, मी डावीकडून आणि पोराने उजवीकडून ओढत खाली आणली, शेवटचा हातभर भाग दोघांनी जोर लावून धावेवर घेतला. मग लांब स्क्रूड्रायव्हरचा गोल दांडा रबर आणि बीड यांच्यामध्ये सरकवला आणि तो दांडा चाकाभोवती तीन वेळा पूर्ण फिरवला. दांडा जाईल तसं रबर उचलतं, मोकळं होतं आणि ताण पुढे-मागे वाटला जातो. पहिल्या फेऱ्याला दांडा कुठे अडत होता, कुठे सैल जात होता. तिसऱ्या फेऱ्याला सगळीकडे सारखाच.

खडूने चाकावर आणि रबरावर मिळून आठ खुणा केल्या. दोन खुणांमध्ये साधारण १८ सेंटिमीटर. आता एका घरात दोन दांडे घालून रबर बोटभर उचलून धरायचं, मधल्या पोकळीत लहान ब्रशने बिडावर आणि रबरावर गोंदाचा पातळ हात द्यायचा, आणि थांबायचं. पंधरा मिनिटं. घाई नाही. बोटाची मागची बाजू टेकवून बघायची: चिकट वाटलं पाहिजे, पण बोट उचलताना तार यायला नको. मग दांडे काढून घेतले की रबर आपल्या ताणानेच खाली बसतं. वरून लाकडी मुठीने दाबत जायचं. समोरासमोरची दोन घरं एका वेळी घेतली, म्हणजे एकीकडचा गोंद सुकेपर्यंत दुसरीकडे हात चालतो. सगळी आठ घरं संपायला सव्वा तास लागला.

त्या सव्वा तासात शेडमध्ये थिनरचा वास भरून राहिला होता. ही वाफ पेट घेते. दोन्ही दारं उघडी, बाजूचं वेल्डिंग बंद, आगपेटी शेडबाहेर. मिस्त्री खर्रा खातात, बिडी ओढत नाहीत, त्यामुळे एक काळजी कमी होती.

इपॉक्सी का नाही वापरला, असं काही वाचणारे विचारतील. त्यानेही काम होतं. तो सावकाश धरतो, त्यामुळे गोंद ओला असतानाच दांडा फिरवून ताण सारखा करता येतो, आणि उन्हाने तो या पिवळ्या गोंदाइतका ढिला पडत नाही. पण पुढच्या वेळी रबर काढताना तो बिडावरून पटाशीने छिलून काढावा लागतो. या मशीनवर पुढच्या वेळीही मीच असणार, म्हणून मी माझ्या सोयीचं निवडलं. वरच्या चाकाची सुटलेली वीतभर जागाही याच पिवळ्या गोंदाने, दांड्याच्या युक्तीने बसवली.

नंतर २४ तास मशीनला हात लावायचा नाही, पट्टीही चढवायची नाही, असं ठरलं. मिस्त्रींनी करवत काढली आणि दोन डवऱ्यांचं काम हातानेच फाडलं. म्हातारा माणूस, पण हात अजून सरळ चालतो. पोरगा बघत होता. त्याने मशीन आल्यापासून करवत धरली नव्हती.

फुगवटा

नवीन रिंग वरून सपाटच येते, फुगवटा आपण द्यायचा. खालचं चाक मोटरवर फिरतं, म्हणून तिथे सोपं. पट्टी नाही, गाईड बाजूला, धावेच्या जवळ एक लाकडी ठोकळा टेकू म्हणून घट्ट बांधला. ६० नंबरचा पॉलिश पेपर फळीला लावून, चाक हातापासून दूर जातं त्या बाजूने हलका टेकवला. आधी डावी कड, मग उजवी, मध्याला धक्का न लावता. रबराची काळी धूळ उडते, नाकाला रुमाल हवाच. वरच्या चाकाला मोटर नाही. ते पोराने हाताने फिरवत ठेवलं आणि मी घासत राहिलो, तासभर.

किती घासायचं? मध्य कडांपेक्षा अर्धा मिलिमीटर उंच, एवढं मी धरलं. मोजायला झेरॉक्सचा कागद घेतला. असा एक कागद साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा जाड असतो. फूटपट्टी रबराच्या मध्यावर आडवी टेकवायची आणि दोन्ही कडांखाली कागदाच्या पाच-पाच पट्ट्या सरकवायच्या. पाच अलगद गेल्या, सहावी अडली, की थांबायचं. हे चाकाच्या आठही खुणांवर केलं. तीन जागी सहावी पट्टी गेली, म्हणजे तिथे जास्त घासलं गेलं होतं. तेवढं चालतं. आठपैकी आठ सारख्या आल्या असत्या तर मला माझ्याच मोजण्यावर शंका आली असती.

वरचं चाक झुकवायचा स्क्रू परत मध्यावर आणला. पट्टी चढवली, ताण दिला, हाताने वीस-पंचवीस फेरे फिरवले. पट्टी थोडी पुढे होती, हळूहळू मागे सरकत मध्यावर आली आणि थांबली. पोरगा म्हणाला, "काका, हे त सोताच आलं." गिरणीचा पट्टा त्याने कधी पाहिलाच नव्हता.

खिशातले किटकॅट लावले. मोटर सुरू केली आणि पाच रुपयांचं जुनं जाड नाणं मशीनच्या टेबलावर कडेवर उभं केलं. पडलं. मोटरीचा पाया एका बोल्टवर हलत होता, तो आवळला. दुसऱ्यांदा उभं राहिलं. मिस्त्रींनी ते नाणं उचलून कपाळाला लावलं आणि मशीनवरच्या गजानन महाराजांच्या फोटोपुढे ठेवलं. ते माझं नाणं होतं, पण तेव्हा मागणं बरं दिसलं नसतं.

खालच्या चाकाजवळ भुसा झाडायचा ब्रश मूळ मशीनला असणार, त्याच्या फक्त स्क्रूच्या भोकांची जोडी उरली होती. कपडे घासायचा प्लॅस्टिकचा ब्रश अर्धा कापून तिथे बसवला, केस रबराला जेमतेम टेकतील असा. बाभळीचा ओला भुसा त्याने पूर्ण जात नाही, पण पापुद्रा धरायला वेळ लागतो.

नंतर

जुलैत पहिली चक्कर मारली. खालच्या चाकावर फुगा नाही, कड कुठे उचललेली नाही, फूटपट्टीखाली पाच कागद जात होते. रबर पुसायला बादली आणि फडकं मशीनशेजारी टांगलेलं. डिझेलचा डबा मला दिसेल असा मुद्दाम दूर, बाहेर पडवीत ठेवलेला.

दुसरी चक्कर पोळ्यानंतर. या वेळी फोन आला होता, "ठकठक आवाज येऊन राह्यला." मी घाबरलोच. जाऊन बघतो तर पोळा, तान्हा पोळा आणि पुढे मिस्त्रींच्या सासरवाडीचं काम, असं मिळून मशीन सहा दिवस बंद होतं, आणि पट्टी पूर्ण ताणावर तशीच चढवून ठेवलेली. पट्टी जिथून चाकावर चढते-उतरते, तिथे रबर दबून खळगे पडले होते. दर फेऱ्याला ते पट्टीखाली आले की ठोका. ताण सोडून रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी बरेच भरून आले होते. दहा मिनिटं रिकामं चालवल्यावर ठोका गेला. पोराने मशीनच्या दारावर ऑइलपेंटने लिहिलं, "ताण सोडला का". प्रश्नचिन्हाला जागा उरली नव्हती.

वरच्या चाकाचं जुनं रबर आणखी एकदा घासण्यापुरतं जाड आहे, त्यापुढे नाही. म्हणून मिस्त्रींनी स्वतःहून दुसरी रिंग मागवून ठेवली. मी गेलो तेव्हा ती पत्र्याखालच्या खुंटीला टांगलेली होती, खिडकीतलं ऊन थेट तिच्यावर, आणि बाजूला वेल्डिंगच्या ठिणग्या. ऊन, उष्णता आणि वेल्डिंगच्या ठिणगीजवळ तयार होणारा ओझोन, तिन्ही रबराला खातात. ताणलेल्या रबराला तर ओझोनने आडव्या भेगाच पडतात, आणि खुंटीवर लोंबणारी रिंग वाकाच्या जागी ताणलेलीच असते. रिंग सोडवून जुन्या चादरीत सैल गुंडाळली आणि घरात, माजघरातल्या धान्याच्या कोठीमागे, अंधारात आडवी ठेवून दिली.

वहिनी चहा घेऊन आल्या, कोठीमागे वाकून पाहिलं आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "आता हे सायकलचं टायर घरात काहून आनलं, बाप्पा?"